छत्तीस गैरहजर

३ ऑगस्ट
पहिल्याच दिवशी माती खाल्ली!
हजेरी नंबरांवर घेतात. माझा छत्तीस. सर म्हणाले, "छत्तीस" — मी तोंड उघडलं, नुसती हवा बाहेर. सर वहीतून मान वर न काढता पुढे, "सदतीस" — आणि नेमका तेव्हा माझा आवाज पोहोचला. "हजर!" असा काही की मागचे बाक खिदळले.
म्हणजे मी गैरहजर. आणि सदतीस, जी वर्गात नव्हतीच, ती हजर. उठून सांगायला हवं होतं. पण उठून सांगता येत असतं तर हा घोळ झालाच कशाला असता?

४ ऑगस्ट
सदतीस म्हणजे माझी रूम पार्टनरच निघाली! दिवसभर डोक्यावर पांघरूण घेऊन पडलेली असते. मी तिला महाराणी म्हणते, अर्थात मनातल्या मनात. घोळ सांगितला तर पोट धरधरून हसली. "अगं, मग रोजच लाव ना माझी!"
आणि माझी कोण लावणार? हे विचारायचं राहिलंच.

७ ऑगस्ट
पुन्हा तेच. छत्तीसला नुसती हवा, सदतीसला खणखणीत. काय गौडबंगाल आहे देव जाणे.

१२ ऑगस्ट
काकांचा फोन. "दगडांचा अभ्यास करायला कॉलेज कशाला? घरात एक होता की, न बोलणारा!" मी भूगर्भशास्त्र घेतल्यापासून हाच विनोद दळतायत. मागून आई, "बोलतेस ना गं वर्गात?"
म्हटलं, हो, रोज बोलते. आता यात खोटं काय आहे?

१९ ऑगस्ट
आमच्या सरांना सगळे दगडोबा म्हणतात. आज त्यांनी एक दगड उचलला. "सदतीस, याला ही भोकं कशी पडली?"
उठले. चुकलं तर अब्रू महाराणीची जाणार होती, माझी नाही. म्हटलं, "लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे राहतात, सर."
"शाबास!"
रूमवर आले तर पांघरुणातून प्रश्न, "आज मी काय बोलले?" सांगितलं. "हुशार आहे हं मी!" रोज विचारते, निर्लज्ज कार्टी.

२ सप्टेंबर
दगडोबा माझ्यावर जाम खूश. म्हणजे तिच्यावर.

११ सप्टेंबर
फलकावर नोटीस! हजेरी कमी असेल तर परीक्षेला बसता येणार नाही. यादीत सगळ्यात वर छत्तीस. एकही तास न चुकवता एकही हजेरी नाही, असा पराक्रम या कॉलेजात दुसऱ्या कुणी केला नसेल.
बाथरूममध्ये नळ सोडून रडले. वर्ष वाया गेलं की काका आईला म्हणणार, "सांगितलं होतं ना, हिला जमायचं नाही." आणि मला परत घरी बसवणार. मला नाही बसायचं घरी! मला इथे आवडतं. हे आजच कळलं, तेही नळाखाली.
सरांना सांगितलं तर महाराणी अडकते. नाही सांगितलं तर मी.

१४ सप्टेंबर
काल रात्री महाराणीला झाप झाप झापलं. "उद्यापासून स्वतः ये आणि स्वतःची हजेरी लाव!"
ती उठून बसली. हसली नाही. "आले होते गं पहिल्या दिवशी. दारापर्यंत. आतला गलका ऐकला आणि मागे फिरले." मग हळूच म्हणाली, "तू येऊन सांगायचीस ना मी काय बोलले ते... तेवढंच माझं कॉलेज."
मी हिला माजोरडी समजत होते. ही तर माझ्याहून भित्री! म्हटलं, उद्या दोघी मिळून जाऊ. तिने मान डोलावली, पण आज सकाळी पांघरुणातून बाहेर आली नाही.

१५ सप्टेंबर
तास संपवून आले तर तिचा पलंग रिकामा. गादी गुंडाळलेली. वॉर्डनबाई म्हणाल्या, "तिचा दादा आला होता न्यायला." निरोप नाही, काही नाही. आधी राग आला. मग खूप वाईट वाटलं. आज कुणी विचारलंच नाही, मी काय बोलले.

१७ सप्टेंबर
दगडोबांनी हजेरी थांबवली. "सदतीसने प्रवेश रद्द केलाय." मग चष्मा वर सरकवून थेट माझ्याकडे पाहिलं. "मग तू कोण?"
मी उठून उभी राहिले.
"छत्तीस, सर."
"छत्तीस तर कधीच येत नाही!"
"हो, सर," मी म्हणाले. "आज आलेय."