मागच्या सीटवर मानूस आडवा झोपला पायजे

व्हय, शुद्धीत हाय मी. पूर्ण शुद्धीत. आन कुनाची जबरदस्तीबी न्हाय. माझ्यावर जबरदस्ती करनारा अजून जलमायचा हाय, हे तुमच्या कागदात बसत आसंल तर तेबी बसवा, वकीलसाहेब. भाषा सुधारून टाईप करून देतो म्हनालात, ते मातुर नको. सुधारलेलं वाचून माझ्या लेकाला वाटायचं, दुसऱ्याच कुनाची तरी आई मेली. सातवी पास हाय मी, अक्षर गोल हाय. माझ्या हातानं लिवते, तुमी फकस्त कलमांचे आकडे सांगा.

तर मी, केराबाई जोतिराम वाघमोडे, वय वर्सं सदुसष्ट. धंदा? वकीलसाहेब म्हनले, घरकाम लिवा. घरकाम तर हायच, पन लायसनबी हाय. तवा धंदा: घरकाम व मोटार चालवनं. राहणार विजापूर रोड, सोलापूर, मूळची मोडनिंबाजवळच्या वस्तीवरची. हे मृत्युपत्र स्वखुशीनं करून ठेवते. येच्या आदी दुसरं केल्यालं न्हाय. रागाच्या भरात फोनवर अभिमन्यूला जे जे "तुला देनार न्हाय" म्हनले, ते मृत्युपत्र धरू नये.

आत्ताच का, तर येत्या सोमवारी डॉक्टर माझ्या काळजाची झडप बदलनार हायत. नवी कोरी बसवनार म्हने. माझ्या गाडीला निम्मे पार्ट भंगारातनं आनून बसवल्यात, तरी ती पळती. डॉक्टरला म्हनले, जुनी, चांगली वापरल्याली एकादी झडप आसंल तर बगा. हसला न्हाय तो. येवढा तरना मानूस आन हसत न्हाय.

कलम एक. विजापूर रोडचं दोन खोल्यांचं घर माझा मुलगा अभिमन्यू आन सून सोनाली यांना निम्मं निम्मं. निम्मं सोनालीला का, तर अभिमन्यू घर इकायला निघाला की तिची सही लागंल, आन ती सही करायला लई येळ लावती. घराच्या बाजूचं पत्र्याचं शेड घरात धरू नये. ते गाडीचं हाय.

कलम दोन. सोनं सोनालीला. सासऱ्यांच्या मेंढरांच्या लोकरीचं काळं घोंगडं नात संस्कृतीला. टोचतंय म्हनंल ती. टोचू दे.

कलम तीन. गल्लीतल्या आप्पांची डाव्या पायाची चप्पल गाडीच्या डिकीत हाय. ती तेंना परत द्यावी. गाडी घेतली तवा हेच आप्पा कट्ट्यावर बसून म्हनले हुते, "केराबाई, एकल्या बाईमान्साला येवढी लांबडी गाडी कशाला?" म्या म्हनलं, "तुमी आडवं झाला की सांगते." पुढच्याच वर्सी न्हानीत घसरून खुब्याचं हाड मोडलं, तवा ह्याच लांबड्या गाडीत आडवं झोपून दवाखान्यात गेले. चप्पल तवाच ऱ्हायली. तीनदा मागितली. म्या तिन्ही येळेला म्हनलं, सापडंना.

कलम चार. गाडी.

हे कलम लांबनार हाय, वकीलसाहेब, चहा सांगा.

गाडी परदेशी, रंग मोतिया, सन दोन हजार आठची. नवऱ्याचं नाव जसं आमी उगं घेत न्हाय, तसं म्या तिच्या कंपनीचं नावबी घेत न्हाय. बार्शीच्या एका डाळमिलवाल्याची हुती. हायवेत वस्तीची जमीन गेली तेचे पैसे आले, आन म्या ती घेतली. अभिमन्यू पुन्यावरनं वरडला, "आई, तेवढ्यात नवी कोरी छोटी गाडी येती!" म्या म्हनलं, "छोट्या गाडीत तुझा बाप आडवा झोपला आसता का?"

डाळमिलवाला इंजनाचं सांगत हुता, गेरचं सांगत हुता. म्या मागचं दार उघडलं आन सीटवर आडवी झाले, पाय लांब करून. तो म्हनला, "मावशी, चक्कर आली का?" म्या म्हनलं, "न्हाय. मापात हाय. घेतली."

चौदा वर्सांमागं आमचे हे, जोतिराम, भर दुपारी छातीत कळ येऊन बसले. सहा फुटाचा मानूस. डाळिंबाचा टेम्पो थांबवला, क्रेटांच्या मधी पाय दुमडून घातलं तेंना. मोहोळच्या अलीकडं गेले. पाय दुमडल्यालेच गेले. मधल्या भिंतीपल्याड माझे धाकटे दीर अजिनाथ भावजी यांची नवी जीप दारात उभी हुती, आन आमाला ती मिळाली न्हाय, हे सगळ्या भावकीला ठावं हाय. महिन्याभरात भावजींनी ती जीप इकूनबी टाकली. लोक म्हनले, मन खायला उठलं आसंल.

म्हनून ही गाडी. हौस म्हनून न्हाय. कुनाच्याबी दारात कवाबी उभी ऱ्हायला तयार पायजे म्हनून. आजवर अकरा मान्सं नेल्यात. शेजारच्या पार्वतम्माची सून तर हिच्यातच मोकळी झाली, सात रस्त्याच्या सिग्नलला. सीट धुतली, वास गेला न्हाय, पोरगं मातुर झ्याक हाय.

आता जुनी मोठी गाडी पाळायची कशी ते लिवते, कारन मला कुनी सांगितलं न्हवतं आन म्या दोन चुका केल्या. पयल्या दिवशी पूजा केली आन नारळ बंपरवर फोडला. तेच्या आत शेन्सर हुता. तवापासनं गाडी मागं घेतली की कोन नसताना कोकलती. दुसरी चूक, गाडी तापली तवा म्या रेडिएटरमधी बोअरचं पानी वतलं. आपल्या बोअरच्या पान्यानं तांब्याला पांढरा थर येतो, तर रेडिएटरचं काय हुनार? वरीसभरात दगड झाला तेचा. अक्कलकोटचे मडिवाळप्पा मिस्त्री, कपाळाला हात लावून म्हनले, "नीरु ब्याडा अम्मा, ब्याडा!" म्हंजे पानी नको. कुलंटच घालायचं, दुकानात हिरवं, लाल डब्यात मिळतं, पुस्तकात लिवल्यालंच घ्यायचं. तेल मातुर पुस्तक म्हनतंय तेच्या निम्म्या किलोमीटरलाच बदलायचं. पुस्तक लिवनाऱ्यानं सोलापूरचा मे महिना बगितला न्हाय.

रोज सकाळी पाच मिंटं चालू करायची, न्हायतर बॅटरी उतरती. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची न्हाय. चाकांवरच्या हवेच्या पिशव्या जुन्या झाल्या की ती रातभरात एका अंगाला बसती, माझ्यासारखीच. बॉनेटखाली उंदीर वायर खात्यात. तमाखूची पुडी ठेवून बगितली, उंदरानं तमाखू खाल्ली आन वायरबी. शेडात मांजर पाळलं तवा थांबलं. पंधरा वर्सांनी आरटीओत फिटनेस करावं लागतं; तितल्या सायबानं गाडीला चार चकरा मारल्या आन माझ्याकडं बगून म्हनला, "आज्जी, चालवतं कोन?" म्या चावी हलवून दावली.

पन हे सगळं म्या एकलीनं केल्यालं न्हाय. हितंच गाठ हाय.

अजिनाथ भावजींची पोरगी सुकन्या, वय चोवीस, डिप्लोमा झाल्याली, होटगी रोडला गाड्यांच्या वर्कशॉपात कामाला हाय. मडिवाळप्पांचे हात कापायला लागले तवा तेंनीच तिला माझ्याकडं धाडली. आता म्या गाडी घेतानाच शेडात उभी ऱ्हाऊन बोलले हुते, अजिनाथच्या घरातलं कुनी हिच्यात बसनार न्हाय. मग काय करायचं? पोरगी गाडीखाली झोपती, बॉनेटात कमरेपतूर जाती, पन सीटवर बसायची बंदी. तीन वर्सं असं चाललं हुतं.

"मोठी आई, बसल्याबिगर ब्रेक कसा बगू?"

"उभ्यानं बग."

"उभ्यानं पाय कसा पोचंल?"

"मी बसते, मी दाबते. तू कान लाव."

"तुमी दाबल्यावर ब्रेक न्हाय, तुमी वाजता."

मग खिडकीतनं हात घालून स्टेरिंग फिरवायची, गाडी पुढं की तीबी संगं चालायची, नवरदेवाच्या घोड्यासंगट करवली चालती तशी. गल्ली हसायची. एकदाबी "बसू का" म्हनली न्हाय. आमच्या घरान्याचा ताठा तिच्यात पुरेपूर हाय.

मृत्युपत्राच्या पयल्या कच्च्या कागदात म्या गाडी अभिमन्यूला लिवली हुती. तेचा फोन आला. "आई, भंगारवाला बरा भाव सांगतोय." म्या म्हनलं, "आईचा काय सांगतोय तेबी इचारून ठेव." तेच्या हातात गाडी गेली की आठ दिवसांत तिचे तुकडे हुत्याल, आन गल्लीतलं पुढचं मानूस पुन्ना कुनाच्यातरी टेम्पोत पाय दुमडून जाईल. गाडी जिती ठेवनारी एकलीच हाय, आन ती अजिनाथची. चार दिवस जेवन गोड लागलं न्हाय.

मागच्या भादव्यात तिचाच फोन आला. पयल्यांदाच रडत हुती. "मोठी आई, अण्णांना छातीत कळ आलीय. आमी वस्तीवर हाय. ॲम्ब्युलन्सचा फोन लागंना." म्या चपला घातल्या का न्हाय ते आठवत न्हाय. साठ किलोमीटर एका दमात. गाडी वस्तीवर दारात लावली, तर भावजी भिंतीला धरून उभे. मी लगीन होऊन आले तवा शेंबूड पुसत आठवीत जानारं पोरगं, आता डोस्कं पांढरं. गाडीजवळ आले आन थांबले.

"वैनी, बसू का?"

घामानं भिजल्याला मानूस, आन परवानगी मागतो.

"बसू नका," म्या म्हनलं. "आडवं व्हा."

सुकन्या पुढं बसली. म्या गाडी वळवली. भावजी मागं पाय लांब करून पडल्याले. मोहोळ वलांडताना मागनं आवाज आला, "सीट मऊ हाय, वैनी. दादाला बरं वाटलं आसतं." म्या आरसा दुसरीकडं फिरवला.

वाचले ते. काळजात दोन नळ्या घातल्यात. आता पथ्यावर वरडत्यात म्हंजे बरं हायत.

तवा कलम चार असं: मोतिया रंगाची मोटार, तिच्या दोन्ही चाव्या, पाने-पकडीची पेटी, शेड, मांजर, आन बँकेतली माझी ठेव गाडीच्या पालनपोषनासाठी, हे सगळं सुकन्या अजिनाथ वाघमोडे हिला. तिनं गाडीत बसावं. कायदेशीर बसावं. अट एकच: गाडी मागायला दारात आल्याल्या कुनालाबी, कुनाचं वाकडं आसू दे नायतर तिरकं, न्हाय म्हनू नये. आन जो मागायला येत न्हाय, तेच्या दारात आपन जावं. अभिमन्यूनं कोर्टात जाऊ नये. गेला तर भावानं बहिनीला कोर्टात वडलं असं छापून सगळ्या भावकीत वाटायचा खर्च माझ्या ठेवीतनं करावा.

साक्षीदाराला मृत्युपत्रातनं कायबी देता येत न्हाय असं वकीलसाहेब म्हनले. म्हनून पार्वतम्माला साक्षीदार केली. न्हायतर माझा पाटा-वरवंटा तिनं मागितलाच आसता.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: ९ डिसेंबर २०२५
सही: केराबाई जोतिराम वाघमोडे
साक्षीदार: १) पार्वतम्मा, शेजारीन (सही तेलुगूत हाय, खरी हाय)
२) मडिवाळप्पा मिस्त्री, अक्कलकोट

थांबा, कागद घेऊ नका. सहीखाली चार बोटं जागा ऱ्हायलीय. हेच्याखालीबी दोघांच्या सह्या घ्या. हे वाचायच्या दिवशी अजिनाथ भावजींना पुढं बसवा, आन मोठ्यानं वाचा.

ह्यांच्या दहाव्याच्या दिवशी म्या भावकीम्होरं सांगितलं की जीप मागितली आन भावजींनी दिली न्हाय. तेंनी मान खाली घातली. चौदा वर्सांत एकदाबी म्हनले न्हाईत की वैनी खोटं बोलती. हे गेले त्या दुपारी भावजी भिंतीपल्याड जनावरांना पानी पाजत हुते. बादलीचा आवाज मला आयकू येत हुता. तेच्या आठ दिवस आदी त्या जीपवरनं आमचं वाजलं हुतं, आन मरून पडले तरी तुमच्या जीपला हात लावनार न्हाय असं म्या तेंना तोंडावर बोलले हुते. आमचे हे कळ सोसत म्हनत हुते, "अजिनाथला हाक मार." म्या टेम्पो बगायला रस्त्यावर पळाले.

जीप म्या मागितलीच न्हवती.