फळी काढ, मामा

प्रिय भोपू,

मंगळवारी तू मला पाहिलंस. नाही पाहिलं हे तुझ्या बायकोला सांग, मला नको. मी थांब्यावर उभी, पोरगी चाकांच्या खुर्चीत, मी हात केला, आणि तू काच पुसल्यासारखा हात फिरवून गाडी पुढे काढलीस. कोरडी काच कसली पुसतोस? मागच्या आठवड्यात थांबलास, तेही इतका पुढे जाऊन, की मी खुर्ची ढकलत तिथवर पोचेपर्यंत दार बंद. थांब्यावरची माणसं आता आम्हाला ओळखायला लागलीत. एक बाई परवा म्हणाली, मावशी, ही बस तुमच्यासाठी थांबत नाही, मागची बघा. तिला काय सांगू, की ही बस चालवणारा माझ्या पाठचा भाऊ आहे? मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. माझ्यासारखीने गप्प उभं राहायचं म्हणजे काय होत असेल ते तुला कळेल.

फोन तू उचलत नाहीस. घरी आले तर तुझी बायको दारातच सांगते, झोपलेत. जागा असताना मला एकदा तरी कळव, म्हणजे मी चप्पल झिजवणार नाही. म्हणून हे पत्र. एरवी मी बोलते आणि पोरगी लिहिते, पण हे तिला सांगून लिहून घेण्यासारखं नाही, म्हणून अक्षर माझं आहे. कोंबडी नाचल्यासारखं आहे, माहीत आहे. हसू नकोस. मला शाळेतून काढलं ते तुला कडेवर घ्यायला. तू कडेवर बसून तोंडाने भोंपू वाजवायचास आणि माझ्या कानाचा भुगा करायचास. नाव तेव्हाच पडलं. तू ड्रायव्हर झालास तेव्हा आई म्हणाली होती, आता खरा भोंपू मिळाला, बहिणीचे कान सुटले.

तुझ्या भाचीची बातमी आधी सांगते, कारण तुला कोणी सांगितली नसेल. तिला काम मिळालंय. दाताच्या कवळ्या बनवतात तिथे. वर्षभर शिकत होती ना, मेणाचे दात कोरायला, ते तुला दाखवायचे म्हणून डबीत ठेवलेत. बसून करायचं काम, तळमजल्यावर, दार रुंद. मालक चांगला वाटला. तिची कवळी उलटसुलट करून पाहिली, स्वतःच्या दाताशी लावून पाहिली, आणि एकच विचारलं, रोज येणार कशी? ती म्हणाली, बसने, तुमच्या दारासमोर थांबते. तो म्हणाला, मग पहिल्या तारखेपासून या. ती बस म्हणजे तुझ्या मार्गाची बस. दुसऱ्या मार्गाची तिकडे जात नाही. टॅक्सीवाले खुर्ची बघितली की डिकी भरलीय म्हणतात. आणि रोज टॅक्सी करायला मी शिवणाच्या दुकानात पँटची लांबी कमी करून आणि चेन बदलून राजवाडा बांधलेला नाही.

घराचंही ऐक. आम्ही जिना सोडून तळमजल्यावर आलो ते तुला माहीत आहे, उंबऱ्याचं माहीत नसेल. घरमालकाला मी महिनोन्‌महिने विनवलं, उंबरा काढा, बाहेर थोडा उतार करा. तो म्हणायचा, घराची शोभा जाते. शेवटी एका दुपारी मी शेजारच्या गवंड्याकडून हातोडा आणला आणि शोभा फोडली. मालक धावत आला, ओरडून ओरडून घसा बसला त्याचा. तोवर गवंड्याने सिमेंट कालवलं होतं. आता त्याच उतारावरून मालक स्वतःची स्कूटर आत चढवतो, आणि खाली उतरून मला सांगतो की हे बांधकाम मला विचारून झालेलं नाही. मी म्हणते, स्कूटर काढा, पोरीला बाहेर जायचंय. रोज हेच. पण ती एकटी बाहेर जाते, भोपू. दळण आणते, दुकानात माझा डबा घेऊन येते. मी पहिल्यांदा तिला रस्त्याच्या कडेने एकटी येताना पाहिलं तेव्हा हातातली पँट उलटी शिवून ठेवली. गिऱ्हाईक काय बोललं ते लिहीत नाही.

आता त्या दिवसाबद्दल. तू त्यानंतर आमच्याशी बोलला नाहीस, आणि तुझी बायको सांगत फिरते की पोरीला गर्व झालाय, मामाचा चारचौघांत अपमान केला. मी तिथे होते. तू नेहमीसारखा सीटवरून उतरलास, हसत आलास, तिला बगलेतून धरून उचललंस. लहानपणापासून उचलत आलास. आख्खी बस बघायची, म्हातारी माणसं म्हणायची, मामा असावा तर असा. तुझी छाती फुगायची. माझीही फुगायची, खोटं कशाला बोलू. पण ती आता बाई झालीय. तू उचललंस की तिचा कुडता वर जातो, पाय लोंबकळतात, आणि बसमधली माणसं नको तिथे बघतात किंवा मुद्दाम बघत नाहीत, दोन्ही तेवढंच वाईट. तिने मला किती वेळा सांगितलं होतं, मामाला सांग. मला वाटलं, एवढ्या प्रेमाने करतो, कसं सांगायचं. शेवटी तिनेच सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, तुला आठवत असेल.

"मामा, मला खाली ठेव. फळी काढ, मी माझी चढेन."

बस, एवढंच. यात शिवी कुठे आहे? मधल्या दाराच्या जमिनीत लोखंडी घडीची फळी असते, ती उलगडली की फुटपाथवरून खुर्ची सरळ आत जाते. ती त्यासाठीच लावलीय. तिने ती मागितली. तू तिला खुर्चीत ठेवलंस, आणि मी म्हणते त्यातही काळजी घेतलीस, तिचा पाय पावदानावर नीट ठेवलास. मग वर चढलास आणि गाडी घेऊन गेलास. आम्ही दोघी तिथेच. बसमधला कोणीतरी मागच्या काचेतून बघत राहिला, गाडी वळेपर्यंत.

घरी आल्यावर पोरीने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, मी नीट बोलायला हवं होतं का? मी म्हटलं, तू नीटच बोललीस. त्यानंतर ती तुझ्यावर एकदाही चिडली नाही. चिडली ती फळीवर. कारण तुझ्यानंतर ज्या ज्या बसला तिने हात केला, त्या प्रत्येक ड्रायव्हरने सांगितलं, फळी बिघडलीय. सगळ्या गाड्यांच्या फळ्या एकदम बिघडतात होय? कसली साथ आली म्हणायची? तिने सरकारी कचेरीत तक्रार केली. एकटीने नाही. थांब्यावर भेटलेला एक कुबड्यावाला मास्तर आहे, त्यालाही बरोबर घेतलं. त्या तक्रारीची पहिली सुनावणी झाली, हे तरी तुझ्या कानावर असेलच.

तिथे तुमचा डेपोचा साहेब आला होता. गुळगुळीत दाढी, आवाज मधासारखा. त्याने सांगितलं, आमच्या प्रत्येक गाडीची फळी चालू आहे, मागणारंच कोणी नाही. मग आमच्या पोरीकडे बघून हसला आणि म्हणाला, आणि या ताईंना तर अडचण असायचं कारणच नाही, त्यांचे सख्खे मामा याच मार्गावर ड्रायव्हर आहेत, ते प्रेमाने उचलून बसवतात, सगळ्या प्रवाशांनी पाहिलंय. सुनावणीचे साहेब मान हलवायला लागले. भोपू, तुझी माया त्यांनी कागदाला लावायच्या टाचणीसारखी वापरली. पोरीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ती बोलायला गेली तर सुनावणीच्या साहेबांनी तिलाच विचारलं, मामा उचलत नाहीत का? ती काय सांगणार, उचलत होते? ती म्हणाली, उचलत होते. मग डेपोचा साहेब म्हणाला, झालं तर.

मला तुझ्यासारखा उशिरा राग येत नाही, मला लगेच येतो, पण त्या दिवशी राग आला नाही, पोरीची खुर्ची धरून बाहेर आले. आणखी एक सांगते आणि पुढे जाते. माझ्या पाठीचा फोटो काढला. मणक्यात झीज आहे. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे पाण्याची भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, नाहीतर तुमच्याच पायातली ताकद जाईल. पोरीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर कामाला जाणार नाही, मला सांभाळत बसेल. मी तिला म्हणते गुडघा दुखतोय. टॅक्सीत बसवायचं, डॉक्टरकडे न्यायचं, पडली तर उठवायचं, हे आजवर मी करत आले. आता मी करू शकत नाही, आणि तू थांबत नाहीस. मग उरलं काय? ती फळी.

आणि फळीचं मला माहीत आहे. तू स्वतः सांगितलंस, माझ्याच घरी, चहा घेताना. डेपोत कोणीतरी बोललं की फळ्या खड्ड्यांत खडखडतात, प्रवासी कुरकुरतात, काढायला-घालायला फेरीला उशीर होतो. साहेबाने लेखी काही दिलं नाही, तोंडाने सांगितलं, बांधून टाका. मग तुम्ही सगळ्यांनी आपापल्या गाडीची फळी खालून जाड तारेने आवळली. मी विचारलं, अरे, आणि आपली पोरगी? तू हसलास.

"तिला कशाला लागते फळी? मी आहे ना."

तू प्रेमानेच म्हणालास. मी त्यावर तुला दुसरा कप दिला. पण त्या दिवशी थांब्यावर तिने फळी मागितली तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. जगाला वाटलं तू रागावलास. मला वाटत नाही. फळी निघालीच नसती, तुझ्याच हातची तार होती, आणि ते तिच्यासमोर सांगायची तुला लाज वाटली. तेव्हापासून तू काच पुसतोयस. तिला वाटतं मामा दुखावला, म्हणून गेला. ती अजून तुझी समजूत कशी घालायची याचा विचार करतेय. मला हे बघवत नाही.

तेव्हा सरळ लिहिते, कारण मला वळणं घेता येत नाहीत. पुढच्या शुक्रवारी सकाळी शेवटची सुनावणी आहे. तू यायचंस आणि सांगायचंस की फळ्या बिघडलेल्या नाहीत, बांधलेल्या आहेत, कोणी बांधायला सांगितल्या, आणि तुझ्या गाडीची तूच बांधलीस. तुला त्रास होणार नाही असं मी म्हणत नाही. साहेब तुला सोडणार नाही, लांबच्या मार्गावर टाकेल, कदाचित घरीही बसवेल, आणि तुझी बायको माझं तोंड बघणार नाही. हे सगळं धरूनच मागतेय. तारेबद्दल मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, पोरीलाही नाही. तू आला नाहीस तर शुक्रवारी मी उठून सांगेन. मग ते विचारतील, तुम्हाला कोणी सांगितलं, आणि मला तुझंच नाव घ्यावं लागेल. तिने ते माझ्या तोंडून ऐकू नये, तुझ्या तोंडून ऐकावं, एवढ्यासाठी हे पत्र. तुझ्या कंडक्टरच्या हातात देतेय, तो देईल. येतो किंवा येत नाही, एवढंच लिही, कारणं नकोत. उत्तर माझ्या दुकानावर धाड, घरी नको, घरची पत्रं पोरगीच उघडते. त्याआधी बुधवारी संध्याकाळी दुकान बंद करायच्या आत मला तुझं उत्तर पाहिजे.

तुझीच, दुसऱ्या कोणाची होता येत नाही म्हणून,
ताई