बोंबीलचं स्पेलिंग

प्रिय वामन,

बारा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळे सुखरूप आहेत.

आज शनिवार. महाप्याच्या आपल्या कारखान्याला सुट्टी, म्हणून मी आणि पायल, माझ्या हाताखाली आलेली नवी इंजिनिअर, सकाळीच नऊ युनिक्स मशीन अपग्रेड करायला बसलो. पद्धत तुझीच: नवी सिस्टीम एका सर्व्हरवर ठेवायची आणि त्याने एकेका मशीनवरचं जुनं पुसून नवं घालायचं. नावंही तूच ठेवलेली, दिवाळे गावच्या कोळणींच्या पाटीतल्या माशांची. सुरमई, हलवा, मांदेली, बोंबील. बोंबीलवर व्हॉल्व्हच्या चाचण्यांच्या नोंदी, म्हणून तो पुसायचा नाही. त्याचं नाव वगळायच्या यादीत. यादी मागच्या वेळचीच वापरली, मी टाइप केलेली.

पाच मशीन झाली. मांदेली चालू होती, तिच्यामागे बोंबीलचा नंबर. पायल सहज यादी वाचत होती. “मॅडम, आपला बोंबील तर एक आयवाला आहे ना? हा दोन ईवाला कुठनं आला?” मी हसले. म्हटलं, आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिकवायच्या, मराठीत ई दीर्घ असली की इंग्रजीत दोन ई. “पण मॅडम, सर्व्हर तुमच्या शाळेत नव्हता! त्याला हे नाव कळणारच नाय.”

म्हणजे मांदेलीनंतर बोंबील पुसलाच जाणार होता रे. मांदेलीचे टक्के चढत होते, नव्वद, त्र्याण्णव, आणि थांबवायची कमांड मी दोनदा चुकीची टाइप केली. सत्त्याण्णवला सगळं थांबलं. मांदेली अर्धवट राहिली, ती पुन्हा करता येईल. बोंबील वाचला.

पायल चहा आणायला गेली आणि मी त्या दोन ईंकडे बघत बसले. मागच्या वेळी, बारा वर्षांपूर्वी, एंटर दाबण्याआधी तू विचारलं होतंस, “चारू, यादी परत एकदा बघितलीस ना?” मी हो म्हटलं. बघितली नव्हती. मी यादीकडे नाही, तुझ्याकडे बघत होते. बोंबील पुसला गेला. साहेबांनी विचारलं, कमांड कुणी दिली. तू हात वर केलास, आणि आठवड्याभरात तुझी खुर्ची रिकामी झाली. त्यानंतर आजपर्यंत मी ती यादी उघडून वाचली नाही. धीरच झाला नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये ती सगळ्यांसमोर ठेवणार आहे, खाली माझं नाव आहे तशीच. पण साहेबांच्या आधी तुला कळायला हवं. बोंबील तू पुसला नव्हतास, वामन. मी पुसला.

तुझीच, हे लिहायलाही उशीर केलेली,
चारुलता