बिनपाकळ्यांचं फूल

ती. आईस,
लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

डोंगरावर मला सापडलेल्या रोपाला पाकळ्या नाहीत, म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी ते कार्नेशनच्या कुळातून काढलं. मी म्हटलं, "पानं समोरासमोर, पेरं फुगीर, बोंडात बिया मधल्या दांडीला. पाकळ्या नसल्या म्हणून कूळ बदलत नाही."

सर म्हणाले, "माझ्या शोधनिबंधावर सही कर, नाहीतर प्रयोगशाळेची किल्ली दे."

मी किल्ली दिली.

आता खोलीच्या खिडकीत भिंग घेऊन बोंडं कापते, चित्रं काढते. झोप जरा कमी लागते, एवढंच.

बाबा म्हणतील, नमतं घे. त्यांना सांग, पोर तुमच्यावरच गेली आहे. सोमवारी सर शास्त्रज्ञांच्या सभेत या रोपावर बोलायला लागले, की मी चित्रं घेऊन पहिल्या रांगेत उभी राहणार.

तुझी हट्टी
धाकटी