चौथा प्रश्न

४ मार्च

आज पुन्हा! तापाने फणफणलेल्या चिमुरडीला बाबांनी चक्क मोठ्या माणसाचा डोस लिहिला. चिठ्ठी खिडकीतून माझ्या टेबलावर आली. मुलीचं वजन बघून मी डोस कमी केला, आणि वर तिच्या आईला हसून सांगितलं, "डॉक्टरांचं अक्षर हो!" खोटारडी मी. बाबांचं अक्षर मोत्यासारखं आहे. चूकसुद्धा लख्ख वाचता येते.

पद्धत त्यांचीच. ते तपासून लिहितात. मी — सकाळी मोठ्या हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर, संध्याकाळी बापाची शिकाऊ — चिठ्ठी वाचून पेशंटला समजावते. पलीकडे आई कपाटातून औषध काढून देते. "तीन जणांच्या हातून गेलं की चूक सापडतेच," म्हणायचे. पण आईला डोसातलं काय कळणार? ती लिहिलेलं देते. म्हणजे उरले मी एकटी.

६ मार्च

आईला सांगून टाकलं. "थकलेत गं ते. वय झालं." मग अगदी हळू, "आणि तू आहेस ना बघायला! झाकली मूठ राहू दे."

७ मार्च

आहे मी. जातेय कुठे!

१० मार्च

पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली! दूरच्या शहरात, हवी होती तीच. पंचवीस तारखेपर्यंत होय-नाही कळवायचं. बाबा तर हवेत! कान दुखणाऱ्या आजोबांनाही तपासता तपासता ऐकवलं, "लेक बापाच्या वर जाणार माझी!" आजोबांना ऐकू आलं की नाही देव जाणे. मी हसले. डोक्यात एकच — मी गेले तर चिठ्ठ्या कोण बघणार? इकडे आड, तिकडे विहीर.

१३ मार्च

आज एकही चूक नाही. प्रत्येकाला ते चार प्रश्न, न चुकता — वय? वजन? आधीची औषधं कोणती? आणि पेन थांबवून, डोळ्यांत बघून, "कुठलं औषध सोसत नाही?"

चौथ्यावर त्यांचा भारी जोर. माझ्यामुळे. लहानपणी पेनिसिलिनच्या सुईने माझा श्वास कोंडला होता, तेव्हा मला खांद्यावर टाकून अनवाणी पळाले होते. दर वर्षी नव्या शिक्षिकेला स्वतः जाऊन सांगायचे. लाज वाटायची मला!

चार प्रश्न शाबूत आहेत ना? मग माणूसही शाबूत. आईचंच खरं असेल. थकलेत.

१७ मार्च

हॉस्पिटलातून सुटायला उशीर झाला. पोचले तर चिठ्ठ्या माझ्यावाचूनच पुढे गेलेल्या. आईला विचारलं, काय काय दिलंस? शिवणकामवाल्या मावशींना सांध्यांची गोळी, म्हणाली. "रोज एक."

रोज! ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्त तयार होणं थांबतं, माणूस जातो. मी तशीच धावले. मावशी मशीनवर बसलेल्या, पाण्याचा पेला शेजारी, गोळी तळहातावर.

"थांबा!"

"अगं, डॉक्टरांनीच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "त्यांचं कधी चुकतं का?"

"आईची गडबड झाली." आईवर ढकललं! दुसरं काय सुचणार?

१८ मार्च

बाबांना सांगायला गेले. "बाबा, काल त्या गोळीचं..." एवढंच बोलले असेन. त्यांनी माझा हात हातात घेतला. "कळतंय मला. लांब जायला घाबरतेयस, म्हणून इथली कामं शोधतेयस. वेडाबाई! माझी काळजी नको करूस."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

२१ मार्च

आता लवकर पळून येते. हॉस्पिटलातले मोठे सर चिडले — "तुम्हाला शिकायचंय की नाही?" शिकायचंय हो! कुणीतरी शिकू द्या!

२४ मार्च

ठरलं. उद्या नकार कळवणार. आईला सांगितलं तर चेहराच उजळला तिचा. "बरं केलंस बाई." एकदा तरी जा म्हणायचं होतंस गं. इतका राग आला की जेवले नाही. आणि त्या रागाचीही लाज वाटली.

घसा दुखतोय. तेवढंच राहिलं होतं!

२५ मार्च

घसा पार सुजला, अंगात ताप. नकार कळवायचा राहिला तो राहिलाच. आई म्हणाली, "घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला? दाखव बाबांना." पेशंटच्या स्टुलावर बसले. बाबांनी बॅटरीने घसा बघितला, मान चाचपली. हात तेच, हलके, उबदार. पेन उघडलं.

"वय?"

चेष्टा करताहेत वाटलं. सांगितलं. मग वजन. मग आधीची औषधं. मग पेन थांबवून, डोळ्यांत बघून, कुणाही पेशंटला विचारतात तितक्याच मायेने —

"कुठलं औषध सोसत नाही?"

उत्तराची वाट बघत ते थांबले. औषधांच्या खोलीतून आई आली. सगळं ऐकलं होतं तिने. त्यांच्या बोटांतून पेन काढून घेतलं, टोपण लावलं, दवाखान्याचं दार आतून बंद केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कळव त्यांना. येतेय म्हणून."