व्हॅनमागची रांग

तीर्थस्वरूप वन्संना,

वाकून नमस्कार. (कंबर हल्ली पुन्हा वाकते. का, ते पुढे येईल.)

पत्र लिहायला बसले त्याला कारण एकच. येत्या रविवारी तुम्ही मामासासऱ्यांना आणि धाकट्या जाऊबाईंना बरोबर घेऊन माझी समजूत काढायला येणार आहात, असे कळले. (कळवले जाऊबाईंनीच. ‘वहिनी, मी सांगितलं म्हणू नका हं,’ असे त्या म्हणाल्या होत्या, तरी मी सांगते आहे, कारण त्यांनी आणखी चौघींना सांगितले आहे.) मी घर सोडून गेले आणि तुमचे बंधू मला शोधत वणवण करताहेत, अशी तुमची समजूत झालेली दिसते. तेव्हा काढायचीच तर ती काढावी. मी घर सोडलेले नाही. तुमचे बंधू वणवण करत नाहीत. ते या क्षणी माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, माझ्या डोक्यावरच्या दोरीवर आपले मोजे वाळत घालत आहेत, आणि एका मोज्याचे पाणी आत्ताच या कागदावर पडले.

तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचे पित्त? दोघांनीही जागरणे कमी करावीत आणि फोन कमी करावेत, दोन्हींचा उपयोग होईल.

आता क्रमाने सांगते. आमची डेअरी शहरातून हलवून पार हमरस्त्यापलीकडे नेली, हे तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हापासून मी दोन बस आणि कंपनीची एक जीप असा प्रवास करत होते. पहाटे अंधारात निघायचे, रात्री अंधारात परतायचे. बसच्या धक्क्यांनी कंबर धरली ती वेगळीच. माझे स्वतःचे घर उजेडात कसे दिसते हे मी विसरले होते. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टर मला खांद्याला हलवून उठवायचा आणि ‘मावशी, बस डेपोत जाते आहे, तुम्ही पण येताय का?’ असे विचारायचा. मी प्रयोगशाळेची प्रमुख. माझ्या खात्यात दहा मिनिटे उशीर झाला तर मी माणसाला दारात उभे करते. त्या मला मावशी!

तेही सोसले असते. पण एका सकाळी आंबलेल्या दुधाचा नमुना मी नाकाशी धरला आणि मला काहीच कळले नाही. वन्सं, आमच्या कामात यंत्रे खूप आहेत, पण पहिली परीक्षा नाकाची. टँकरचे झाकण उघडायचे, दांड्याने दूध ढवळायचे, नमुना काढायचा, वास घ्यायचा. मग तापमान, आम्लता, फॅट, पाणी घातले आहे का ते. मी ‘घ्या’ म्हटल्याशिवाय पाइप जोडला जात नाही. त्या दिवशी पुढच्या चाचणीत ते दूध पकडले गेले, नाहीतर टाकीभर चांगले दूध नासले असते. कोणी पाहिले नाही, पण मी पाहिले ना. झोप न झालेल्या माणसाचे नाक आधी जाते आणि अक्कल मागून. मी त्याच दिवशी ठरवले, की एक तर हा प्रवास थांबवायचा किंवा नोकरी सोडायची. आणि नोकरी सोडायची माझी मुळीच इच्छा नव्हती. निवृत्त मी होईन, पण बसने मला निवृत्त केलेले चालणार नाही.

म्हणून तुमची व्हॅन. भाऊजींनी देश पाहायला म्हणून ती कॅम्पर व्हॅन घेतली, तुम्ही दोघे एकदाच गेलात आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांशी न बोलता परत आलात, तेव्हापासून ती तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली मांजरे सांभाळत होती. मी मागितली तेव्हा ‘ने बाई, डोळ्यांसमोरून ने’ हे तुमचे शब्द. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून तुमच्या बंधूंनी ती डेअरीच्या आवारात, शीतगृहाच्या मागे नेऊन लावली आणि बसने घरी गेले. सोमवार ते गुरुवार रात्री मी व्हॅनमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी घरी, अशी व्यवस्था ठरली. साहेबांची (म्हणजे आमच्या व्यवस्थापकांची) तोंडी परवानगी घेतली. सुरुवातीला डोके छताला आपटले, घडीच्या टेबलाने बोट चेमटवले, आणि भाऊजींनी बसवलेला नळ उघडला की पाणी नळ सोडून सगळीकडून येते हे कळले. पण झोप! आडवी झाले की सकाळ. आठवड्याभरात मला दुधाचा वास तर आलाच, शेजारच्या खोलीतल्या हिशेबनिसाने डब्यात काय आणले आहे तेही येऊ लागले.

घरी तुमचे बंधू होते. वन्सं, तुम्ही आणि सासूबाईंनी त्यांना फार लाडात वाढवले आहे, हे मी लग्नानंतर लगेच सांगणार होते, राहून गेले. पहिल्या आठवड्यात रोज फोन. साखर कुठे, चाळणी कशाला म्हणतात, कुकर शिट्टी का देत नाही. (झाकण लावले नव्हते.) दुसऱ्या आठवड्यात फोन बंद झाले, म्हणून मला काळजी वाटली. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी पिशवी घेऊन ते फाटकावर हजर. म्हणाले, ‘करमेना.’ मला बरे वाटले, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. मग म्हणाले, ‘आणि घरातला डाळीचा डबा सापडेना.’

त्या रात्रीच सगळा घोळ झाला. शीतगृहाचा कॉम्प्रेसर रात्रभर घुरघुरतो. मला त्याची सवय झाली होती, यांना होईना. मी झोपल्यावर यांनी हळूच गाडी सुरू केली आणि जिथे शांत, स्वच्छ, वर पत्र्याची शेड आहे अशी छान जागा पाहून लावली. मला पत्ता नाही. मी शीतगृहामागे झोपले आणि नमुन्याच्या लेनमध्ये उठले. ही ती जागा, जिथे पहाटे टँकर एकामागे एक उभे राहतात आणि त्यांच्या दुधाची परीक्षा होते. अगदी तोंडावर आमची व्हॅन.

पडदा सरकवला तर मागे टँकरची रांग, फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. एकही हॉर्न नाही. सगळे ड्रायव्हर खाली उतरून, शाळेत शिक्षा झालेली पोरे उभी राहावीत तसे उभे. मी गाऊनमध्ये, हातात टूथब्रश. पुढच्या मिशाळ ड्रायव्हरला विचारले, अरे, उठवायचे नाही का? तो म्हणाला, ‘तुम्हांला? आम्हांला पोरंबाळं आहेत, बाई.’ मागचा म्हणाला, ‘आम्हांला वाटलं, तुम्ही रात्रीपासून आत दबा धरून बसलाय. कोण काय घालतंय बघायला.’

आता काय करायचे? रांग ती रांग. ब्रश कपात ठेवला, केस बांधले, वरून पांढरा कोट चढवला आणि पहिला नमुना नाकाशी धरला. वन्सं, लख्ख वास आला. ताजे दूध. गाऊनवर उभ्या उभ्या मी अख्खी रांग तपासली. पण तोवर यंत्रे थांबलेली, भरणा विभागातली माणसे हात चोळत बसलेली, आणि साहेबांचे बोलावणे आलेले.

साहेब भडकले होते आणि त्यांचे बरोबर होते. व्हॅन आज संध्याकाळपर्यंत आवाराबाहेर, असे म्हणाले. मी ‘बरं’ म्हटले. दुसऱ्याला उशिराबद्दल बोलणाऱ्या माणसाने स्वतःच्या उशिराबद्दल रडू नये. राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवतच होते, तेवढ्यात दार ढकलून तुमचे बंधू आत. जो माणूस आयुष्यात दुकानदाराला ‘दुसरे दाखवा’ म्हणाला नाही, तो साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, ‘गाडी मी हलवली. हिला माहीतसुद्धा नाही. हिला झोप हवी आहे, साहेब. मी तिला वर्षभर बसमधून उतरताना बघितलंय. हवं तर मला फाटकाबाहेर काढा, गाडी राहू द्या.’

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. (धूळ होती.)

साहेब काही बोलणार, इतक्यात फाटकावरून फोन आला. एका पुरवठादाराचे दोन टँकर पहाटे आले, लेनमध्ये व्हॅन पाहिली, आणि आत न येता वळून निघून गेले म्हणे. साहेबांनी फोन ठेवला. त्याच पुरवठादाराच्या दुधात पाणी असल्याचा संशय आम्हांला कितीतरी दिवस होता, पण तो पकडला जात नव्हता. मी लगेच स्पष्ट सांगितले, की यात माझी काही युक्ती नाही, यांना कॉम्प्रेसर सहन झाला नाही एवढेच. साहेब म्हणाले, ‘बाई, कारण तुमच्याजवळच ठेवा. व्हॅन राहील. पण रोज नवीन जागी. फक्त रांगेच्या तोंडावर नको.’ रोज हलवायची म्हणजे चालवणारा हवा, आणि मला गाडी येत नाही.

तर तुमचे बंधू आता माझ्याबरोबर राहतात. घराला कुलूप दिसते ते त्यामुळे. रोज रात्री जागेची पाहणी करून, ‘ड्युटीवर आहे’ असे म्हणत ते गाडी हलवतात, आणि सकाळी मी कुठे उठेन हे मला माहीत नसते. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण इतक्या लहान जागेत आम्ही कधी राहिलो नव्हतो. अबोला धरायला दुसरी खोलीच नाही, म्हणून बोलावे लागते. माणूस बोलायला बरा आहे, असे माझे मत झाले आहे. नोकरी टिकली, नाक परत आले, कंबर सुधारली. मी सुखरूप आहे. काळजी नसावी.

मामासासऱ्यांना नमस्कार. जाऊबाईंना हे पत्र वाचून दाखवू नये, त्यांना मजकूर आधीच माहीत असेल.

तुमची,
भावजय

ता. क. : या रविवारी आम्ही व्हॅन घेऊन धरणाकडे जाणार आहोत. कल्पना यांची. भाऊजींना यातले एक अक्षर कळू देऊ नये. यांनी त्यांना फोनवर एकदा वर्णन ऐकवले तर ते व्हॅन परत मागतील.

ता. क. दुसरे : वर जे गोड लिहिले आहे ते खरे आहे, पण तुमचे बंधू घोरतात, आणि त्यापुढे कॉम्प्रेसर म्हणजे अंगाई होती. भाऊजींनी व्हॅनबरोबर एकट्याचा तंबू घेतला होता, तो तुमच्या माळ्यावर असेल. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. शनिवारपर्यंत पाठवावा. यांना मी सांगितले आहे, की घोरणाऱ्याला डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली आहे.

पत्र घेऊन येणाऱ्या मिशाळ ड्रायव्हरच्या हाती दिले : आमच्या घराची किल्ली, एक. निघालाच असाल तर उघडून बसावे, कुंड्यांना पाणी घालावे. भाऊजींची कानटोपी, धुतलेली. व्हॅनच्या गादीखाली सापडलेले तुमचे कानातले, एक. (तुम्ही तर बोलत नव्हता. मी काही विचारत नाही.)