माझं मी बोलेन

१४ ऑक्टोबर, दुपार

धाकटे,

नाही, माझं डोकं फिरलेलं नाही, आणि पोटच्या पोराला मी घराबाहेरही काढलेलं नाही. तू विचारलं नाहीस, माहीत आहे मला. पण तुझ्या लाडक्या भाच्याने तुला फोन केला असणार, तू "अगंबाई" म्हटलं असणार, आणि आता तोंडात मूग धरून बसली असशील. म्हणून मीच लिहिते. फोनवर तू मधेमधे बोलतेस. कागदावर तेवढं सुख आहे.

तर आधी आशीर्वाद घे. तुझा गुडघा कसा आहे? मेहुण्यांना म्हणावं, औषध कपाटात ठेवून गुण येत नाही, गिळावं लागतं. इथे थंडी पडायला लागली. माझं बरं आहे.

बरं आहे म्हणजे आता बरं आहे. मधे जरा पाय घसरला होता. ते जाऊ दे.

तुझ्या भाच्याने माझ्यासाठी जागा बघितली होती. शहराबाहेर, म्हाताऱ्यांचं घर. "आई, तिथे सगळे आपली भाषा बोलणारे आहेत. तुला कुणाशी तरी बोलता येईल." जसं काही इतकी वर्षं मी मुकी बसले होते! मी म्हटलं, "आपली भाषा बोलते म्हणून काय कुठल्याही बाईशेजारी खाट टाकू? गावाकडे भिंतीपलीकडच्या जावेशी तरी कुठे पटत होतं माझं?" तर म्हणे, "आई, तू इथे कधी रुळलीच नाहीस."

मी रुळले नाही! ऐकलंस?

अगं, मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत राबलेली बाई. चादरींचा डोंगर, वाफ, आणि आम्ही सात मुलखांच्या बायका. एकीचं घरचं बोलणं दुसरीला कळेल तर शपथ. मग बोलणार कसं? या देशाची भाषा होती ना, सगळ्यांना सारखीच वाकडी येणारी. तीच उचलली. शिकवायला कुणी आलं नाही, मशिनींनी शिकवली. ओढ. उचल. झटक. दार लाव. इस्त्रीचं मोठं झाकण खाली यायचं तेव्हा ओरडायचं, "हात बाजूला!" नाही ओरडलं तर बोटं गेलीच. आधी हुकूम शिकलो, मग शिव्या, मग एकमेकींच्या सासवा. "कृपया" आणि "माफ करा" राहूनच गेलं. त्या घरघराटात ऐकू तरी कुणाला आलं असतं?

म्हणून माझी ती भाषा अशी आहे. सगळ्यांना अरेतुरे. डॉक्टरला म्हणते, "बस. बघ. इथे दुखतं." तो बसतो, बघतो. त्याचं काही अडत नाही.

अडतं ते तुझ्या भाच्याचं. शाळेत जायला लागला तेव्हापासून तोच आमच्या घराचं तोंड. दवाखान्यात तो, कचेरीत तो. आता ती भाषा इतकी गुळगुळीत बोलतो की कुणाला संशय येऊ नये कुठला ते. चांगलं आहे. पण मी तोंड उघडलं की याचे कान लाल. "आई, राहू दे, मी बोलतो."

आणि माझ्याशी मराठी बोलतो ती कशी? जेवलीस का. झोपलीस का. स्वेटर घाल. केस पिकायला लागले, पण आईसमोर आला की पाच वर्षांचा होतो. त्यापुढची मराठी त्याला येतच नाही. त्याच्या मनात काय चाललंय, कशाने झोप उडते, काही म्हणजे काही कळत नाही मला. सूनबाई गोड हसते आणि डबा भरून देते. झालं.

बरं, आता पाय घसरल्याचं सांगते, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही. मागच्या महिन्यात मी न्हाणीघरात पडले. कंबर ठेचकाळली, हाड शाबूत आहे. रडू नकोस. पडल्या पडल्या ओरडले, आणि समोरच्या दारातली लांबडी धावत आली. लांबडी म्हणजे लाँड्रीतली माझी जोडीदारीण. ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, असा जन्म काढलाय आम्ही.

आता तुला राग येईल ते ऐक. पडले तेव्हा तोंडातून "आई गं" नाही आलं. इथलंच आलं. "आई गं" ऐकून इथे कोण येणार होतं? मी परकी झाले म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. मी न्हाणीघरातून उठले, एवढं बघ.

माझी खोली पालिकेची. एकटं म्हातारं माणूस पडलं की त्यांची बाई बघायला येते, याला इथे ठेवायचं की हलवायचं. मंगळवारी आली. तुझा भाचा कामावरून रजा काढून आधीच हजर. मला बजावलं, "आई, तू मराठीतच बोल. तुझं ते लाँड्रीतलं त्यांच्यासमोर काढू नकोस. मी सांगतो त्यांना." म्हटलं, बरं, पोराचा मान राहू दे.

बाईने विचारलं, पुन्हा पडलात तर काय कराल?

हा मला म्हणतो, "आई, त्या विचारतात, तुला बरं आहे ना?"

मी म्हटलं, "बरं आहे. मला इथेच राहायचंय. त्या म्हाताऱ्यांच्या कोंडवाड्यात मी पाऊल टाकणार नाही, नीट सांग."

आणि याने तिला सांगितलं, "आई म्हणते, एकटीला भीती वाटते. इथली भाषा येत नाही, हाकही मारता येत नाही. आपल्या माणसांत राहायचंय म्हणते."

समोर बसून, धाकटे. माझ्या खुर्चीत, माझ्या टेबलावर हात ठेवून. शब्द न् शब्द कळला मला. बाईने मान हलवली आणि लिहायला पेन उघडलं.

"हात बाजूला!"

मी ओरडले. त्याच भाषेत, लाँड्रीतल्या आवाजात. तुझ्या भाच्याने टेबलावरचे हात झटकन उचलले. बाईनेही उचलले, पेनासकट.

मग मी तिला सांगितलं. जसं बोलले तसंच लिहिते, हस हवं तर. "तू बाई, ऐक. हा माझा मुलगा. हा चुकीचं सांगतो. मी पडली. मी ओरडली. माणूस आला. डॉक्टर आला. आता मी उभी. बघ. माझं घर इथे. मला हलवू नको."

ती हसली नाही. म्हणाली, "ओरडलात कशा? करून दाखवा."

मी दाखवलं. मदत! तिसरा मजला! आत ये!

लांबडी उलथनं घेऊनच आली. वरचा सुतार एका पायात चप्पल घालून. खालची बाळंतीण, पोर कडेवर. दारात ही गर्दी. त्यातल्या कुणा दोघांची घरची भाषा एक नाही. लांबडी बाईवरच खेकसली, "कोण पडलं? तू का बसली? उठव तिला!" मी उभी होते, तरी.

बाईने तिथल्या तिथे सांगितलं, राहा इथेच. न्हाणीघरात धरायला दांडी बसवतील. सुताराचं म्हणणं, पालिकेची वाट बघितली तर पुढच्या जन्मी बसेल, म्हणून परवा त्यानेच बसवली.

एवढं झालं. खोली माझी राहिली.

बाई गेल्यावर तुझा भाचा जिना उतरायला लागला, मी मागे. आणि जिन्यात आम्ही मायलेक भांडलो. त्या भाषेत. आयुष्यात पहिल्यांदा. मी माझ्या वाकड्या, तो त्याच्या गुळगुळीत. सुरुवात मी केली, पण नंतर तो जो सुटला! पाच वर्षांचा कुठे गेला कोण जाणे. एक मोठा माणूस समोर उभा, भरभर बोलत होता, थांबत नव्हता. मी कठडा धरून ऐकत राहिले. सगळं कळलं मला.

त्याच्यावर चिडू नकोस. फोन आला तर नीट बोल. रविवारी तो येतो म्हणालाय, आणि यायचं तर येऊ दे, पण माझ्या वतीने बोलायचं नाही, हे मी सांगून ठेवलंय.

जिन्यात तो काय म्हणाला ते विचारू नकोस. त्याचं मराठी करून तुला मी पाठवणार नाही. मी दुभाषी नाही कुणाची. आणि या विषयावर मी यापुढे अक्षर लिहिणार नाही.

तुझी
ताई